फाटकावरचा आकडा : मुंबईच्या गिरणीपासून भिलाईच्या भट्टीपर्यंत

दुर्ग म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर किल्ला उभा राहतो. आज आपण ज्या दुर्गला जाणार आहोत तिथे मात्र आपल्याला तटबुरूज बघायचे नाहीत. मुंबई-हावडा मार्गावर नागपूर सोडलं, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे पडलं की दुर्ग येतं, आणि त्याला खेटूनच भिलाई. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १८५३ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूरलाच होती, ती १९५६ पर्यंत. त्यामुळे विदर्भातली कितीतरी घरं नोकरीधंद्यानिमित्त इकडे आली आणि इथलीच झाली.

आजचा विषय आहे कारखान्यातली सुरक्षितता. तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा विषय झाला? हेल्मेट घाला, बूट घाला, संपलं. पण कामावर गेलेला माणूस संध्याकाळी धडपणे घरी यावा, ही अपेक्षा कुणी, कधी, कुणाकडे मांडली याला इतिहास आहे. आणि ती पुरी होते की नाही हे मोजायचं कसं, यालाही इतिहास आहे. या दुसऱ्या इतिहासात माणसांनी फार मोठ्या चुका केल्या आहेत.

कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी एक फलक असतो. ‘अपघाताविना झालेले दिवस’ आणि पुढे आकडा. तीनशे, पाचशे, हजार. आकडा वाढला की पेढे वाटतात, साहेबांचा फोटो निघतो. त्या फलकावरचा आकडा आपल्याला नेमकं काय सांगतो, आणि काय सांगत नाही, एवढंच आज बघायचं आहे.

पहिली मागणी

सुरुवात मुंबईत होते. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. यंत्राचे पट्टे उघडे, दातेरी चाकं उघडी. पोरंसोरं त्याच चाकांच्या आजूबाजूला. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा आला. तो प्रामुख्याने मुलांच्या कामाचे तास ठरवणारा होता, पण त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत : धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला, आणि अपघात झाला तर कळवा. म्हणजे नोंद ठेवायची सक्ती तेव्हापासूनची.

पण नोंद झाली म्हणजे जखमी माणसाच्या पदरात काही पडलं असं नाही. तो प्रश्न विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्र चालवणारे. त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवला. रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला शाळेत शिकवलेली असते. त्या अर्जातली आणखी एक मागणी मात्र फारशी कुणी सांगत नाही. कामावर असताना कामगाराला मोठी इजा झाली तर तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या एका मागणीने जखमेचा अर्थच बदलला. तोवर बोट तुटलं तर ते कामगाराचं नशीब होतं. लोखंडे म्हणाले, नशीब नाही, ही जबाबदारी आहे आणि ती गिरणीची आहे. हे कायद्यात यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा झाला १९२३ साली आणि लागू झाला १ जुलै १९२४ पासून. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. त्यांना तो दिवस बघायला मिळाला नाही.

जखमा मोजायचं शास्त्र

एकदा जखमेचे पैसे मोजावे लागायला लागले की जखमा कुणीतरी मोजणारच. अमेरिकेत हे काम विमा कंपन्यांनी केलं. हर्बर्ट हाइनरिश नावाचा एक गृहस्थ विमा कंपनीत होता. विम्याच्या आणि कारखानदारांच्या नोंदी चाळून त्याने १९३१ साली एक पुस्तक लिहिलं आणि त्यात एक त्रिकोण मांडला. एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा असतात आणि ३०० प्रसंग असे असतात की ज्यात कुणालाच काही होत नाही. म्हणजे खालचा पाया छोटा करा, वरचं टोक आपोआप खाली येईल. सोबत त्याने असंही म्हटलं की शंभरातले ८८ अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्यातून होतात.

जगभरच्या कारखान्यांना हा त्रिकोण फार आवडला. का आवडला हे उघड आहे. एक तर मोजायला सोपा. आणि दुसरं म्हणजे, ८८ टक्के दोष खाली काम करणाऱ्याचा निघतो. त्या नोंदी कुणी लिहिल्या होत्या, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारला नाही.

आपल्याकडेही मोजण्याची पद्धत ठरली. दहा लाख मानवी तासांमागे किती जणांना कामावर येता येऊ नये इतकी इजा झाली, तो झाला वारंवारतेचा दर. किती दिवस बुडाले, तो झाला तीव्रतेचा दर. भारतीय मानकात मृत्यूचे ६,००० दिवस धरतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर वीस वर्षं. एका माणसाच्या जाण्याचा हिशेब असा मांडला जातो. ऐकायला कसंसंच वाटतं, पण हिशेब नसण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं.

आता एक साधं गणित करून बघू. समजा कारखान्यात २०,००० माणसं आहेत आणि प्रत्येक जण वर्षाला २,४०० तास काम करतो. झाले ४ कोटी ८० लाख तास. वर्षात १२ जणांना इजा झाली. दर आला ०.२५. कुठल्याही परिषदेत छाती फुगवून सांगावा असा आकडा. आता पुढच्या वर्षी एका सकाळी एक पाइप फुटला आणि दहा माणसं गेली. बाकीच्या इजा पूर्वीइतक्याच. दर होतो साधारण ०.४६. कागदावर तोही लहानच दिसतो. आणि मुख्य म्हणजे, ०.२५ या आकड्यात तो पाइप फुटणार असल्याची कसलीही खूण नव्हती.

भिलाई

आता भिलाईत येऊ. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. अवघ्या चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज येऊ लागलं आणि देशभरच्या रेल्वेचे रूळ इथे तयार होऊ लागले. उत्तम एकात्मिक पोलाद कारखान्याचा पंतप्रधान करंडक भिलाईने अकरा वेळा मिळवला. म्हणजे आपण कुठल्या ढिसाळ, कळाहीन कारखान्याविषयी बोलत नाही आहोत. देशातल्या नावाजलेल्या कारखान्याविषयी बोलतो आहोत. सुरक्षा विभाग होता, नियम होते, प्रशिक्षण होतं.

१२ जून २०१४. झोतभट्टीतून जो वायू निघतो त्यात साधारण पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला कळायच्या आत पायातलं बळ जातं. हा वायू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन स्वच्छ करतात. ते पाणी पंपगृहातून येतं. त्या दिवशी पाण्याच्या व्यवस्थेत बिघाड झाला, दाब पडला आणि पाणी ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने वायू उलटा पंपगृहात आला. सहा माणसं गेली. त्यात दोन उपमहाप्रबंधक होते. तिसांहून अधिक जणांना वायूची बाधा झाली.

इथे जरा थांबा. पंपगृह म्हणजे पाण्याची जागा. ‘धोक्याची जागा’ म्हटल्यावर भट्टी डोळ्यांपुढे येते, पंपगृह येत नाही. आणि गेलेल्यांत उपमहाप्रबंधक होते, म्हणजे वर्षानुवर्षं कारखाना ओळखणारी माणसं. हाइनरिशच्या ८८ टक्क्यांच्या हिशेबात ही माणसं कुठे बसवायची?

चार वर्षं गेली. १४ जून २०१८ ला आधुनिकीकरण झालेला, विस्तारलेला कारखाना पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते. ९ ऑक्टोबर २०१८ ला सकाळी कोक ओव्हनच्या अकराव्या बॅटरीच्या भागात गॅसच्या पाइपलाइनवर दुरुस्तीचं काम चाललं होतं. अचानक उद्भवलेलं काम नव्हतं, आधीपासून ठरलेलं होतं. कोक ओव्हनच्या वायूत अर्ध्याहून जास्त हायड्रोजन असतो, त्याखालोखाल मिथेन. आग लागली आणि क्षणात पसरली. त्याच दिवशी नऊ जण गेले आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही जण पुढच्या दिवसांत दगावले. मृतांमध्ये कारखान्याच्या अग्निशमन दलाचे जवानही होते. काही अघटित घडलं तर आग विझवायची म्हणून जी माणसं तिथे उभी होती, तीच आगीत सापडली.

सेक्टर ९ च्या रुग्णालयाबाहेर जमलेली घरची माणसं ज्यांनी पाहिली त्यांना ती दुपार विसरता येणार नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला पदावरून हटवलं, दोन अधिकाऱ्यांना निलंबित केलं. जबाबदारी वरपर्यंत गेली हे चांगलंच. पण माणूस बदलला म्हणजे पद्धत बदलली असं होत नाही.

तिकडेही तेच

हा दोष एकट्या भिलाईचा नाही. अमेरिकेत टेक्सास सिटी इथे बीपी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. तिथे वैयक्तिक इजांचा दर वर्षानुवर्षं सुधारत होता. २३ मार्च २००५ ला स्फोट झाला. १५ मृत्यू, १८० जखमी. नंतर माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००७ साली सांगितलं की कंपनी इजांच्या आकड्यांवर विसंबून राहिली आणि प्रक्रियेचा धोका त्या आकड्यांत दिसतच नव्हता. घसरून पडणं, बोट चेमटणं यांची मोजदाद होत होती. टाकीतली पातळी दाखवणारं उपकरण चुकीचं दाखवतंय, याची नव्हती.

पुढे २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलविहीर खोदणारा तराफा पेटला, अकरा जण गेले. त्या दिवशी काही बडे अधिकारी तराफ्यावर आले होते. कामाचा दिवस बुडेल अशी एकही इजा न होता सात वर्षं झाली, म्हणून तिथल्या लोकांची पाठ थोपटायचं हेही त्या भेटीचं एक कारण होतं. फाटकावरचा आकडा सात वर्षांचा होता.

‘सुरक्षा-संस्कृती’ हा शब्दही अशाच एका राखेतून आला. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटल्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञगटाने तो वापरला आणि १९९१ मध्ये त्याची नीट व्याख्या केली. यंत्र, नियम, प्रशिक्षण सगळं असतं, पण ते वापरणाऱ्या लोकांच्या मनात सुरक्षिततेची जागा कितवी आहे, हे त्या शब्दाचं सार.

आपल्याकडे तोवर भोपाळ होऊन गेलं होतं. आणि भोपाळच्या बाबतीत सर्वात बोचणारी गोष्ट ही की इशारे आधीच मिळाले होते. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीनने एक कामगार दगावला. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकी पाहणीपथकाने दोष नोंदवले. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहराला सावध करणारे लेख लिहिले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायूची टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद होतं आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता.

त्यातून १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात व्यवस्थापनाइतकेच कामगारांचे प्रतिनिधी हवेत, हे कलम आलं. आणि दुसरं कलम असं की समोर तातडीचा धोका दिसला तर तो लक्षात आणून देण्याचा कामगाराला हक्क आहे. लोखंड्यांनी मागितली होती जखम झाल्यानंतरची भरपाई. एकशे तीन वर्षांनी कायद्याने कामगाराला जखम होण्याआधी बोलायचा हक्क दिला.

कोण मोजला जात नाही

हक्क कागदावर आला, पण बोलणार कोण? टेक्सास सिटीत मेलेले पंधराच्या पंधरा कंत्राटदारांचे लोक होते. भिलाईच्या परिसरात हा प्रश्न जुनाच आहे. शंकर गुहा नियोगी तरुणपणी भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होते. १९७७ साली दल्ली-राजहराच्या खाणींतल्या ठेका कामगारांची संघटना त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. कायम कामगाराला रुग्णालय होतं, ठेका कामगाराला नव्हतं. तेव्हा या लोकांनी वर्गणी काढून, स्वतः श्रम करून ३ जून १९८३ ला आपलं शहीद रुग्णालय सुरू केलं. २८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींची भिलाईत हत्या झाली. त्यांच्या राजकारणाविषयी तुमचं मत काहीही असो, त्या रुग्णालयाने एक गोष्ट दाखवून दिली : ज्याचं नाव हजेरीपटावर नसतं, त्याची जखमही वहीत नसते.

आणि वहीत जखम न येऊ देण्याच्या आणखीही युक्त्या असतात. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचा हात एका कारखान्यात भाजला. कारखान्याचं नाव नको. कायद्याप्रमाणे ४८ तास गैरहजर राहिला तर अपघात कळवावा लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना घरून गाडी पाठवून बोलावलं, पट्टी बांधलेल्या हाताने ऑफिसात बसवलं, चहा पाजला. फाटकावरचा आकडा एकाने वाढला. मला सांगताना ते म्हणाले, ‘चहा बरा होता.’ कुणालाही दुखवायची त्यांची इच्छा नव्हती. पण तो हात का भाजला, हे त्या कारखान्यात कुणी शोधलं नाही. कारण कागदोपत्री तो भाजलाच नव्हता.

मग मोजायचं काय?

आकडे टाकून द्या असं मी म्हणत नाही. इजांची नोंद हवीच, आणि त्यात कंत्राटी माणसंही हवीत. पण ती नोंद म्हणजे गाडीचा मागचा आरसा. पुढचा रस्ता बघायचा तर वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात.

पहिली, थोडक्यात टळलेले अपघात. ‘वाचलो बुवा’ म्हणून सोडून दिलेले प्रसंग महिन्याला किती जण लिहून देतात? हा आकडा सुरुवातीला वाढला तर घाबरू नये. लोक बोलायला लागलेत असा त्याचा अर्थ. ज्या मोठ्या कारखान्यात असा एकही प्रसंग नोंदला जात नाही, तिथे काळजी करावी.

दुसरी, वेळ टळून गेलेली दुरुस्ती. किती झडपा, किती वायुशोधक यंत्रं, किती दाबमापकं तपासणीची तारीख उलटूनही तशीच चालू आहेत?

तिसरी, कामाचं परमिट. सही करणारा जागेवर जाऊन सही करतो की टेबलावर बसून? अचानक जाऊन दहा परमिटं तपासली तर किती खरी निघतात?

चौथी, सुरक्षा समितीने काढलेल्या दोषांपैकी ठरल्या मुदतीत किती दूर झाले.

आणि पाचवी, सर्वात अवघड. माणसांना विचारणं. इस्रायलमध्ये डोव्ह झोहर या संशोधकाने १९८० साली वीस कारखान्यांत प्रश्नावली घेऊन हेच केलं. उत्पादनाची घाई असताना साहेब सुरक्षिततेचं ऐकतात का, हे कामगारांच्या नजरेतून पाहिलं. कारण कामगार भिंतीवरची पाटी वाचून वागत नाही. मागच्या वेळी काय घडलं ते आठवून वागतो.

आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो. शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, बिल्ले लावतात. यंदा तुमच्याकडे तो साजरा होईल तेव्हा एक प्रश्न विचारून बघा : गेल्या वर्षभरात आपल्याकडे कुणी ‘हे धोक्याचं आहे, थांबा’ म्हणून काम थांबवलं का? थांबवलं असेल तर त्या माणसाचं पुढे काय झालं? त्याला शाबासकी मिळाली, की त्याची पाळी बदलली?

उत्तर ऐकताना समोरच्यांचे चेहरे बघा. कुणीच थांबवलं नाही, असं उत्तर आलं आणि फाटकावरचा आकडा हजाराच्या वर असला, तर पेढे घेण्याआधी कारखान्यात एक चक्कर मारा. पाण्याच्या पंपगृहातही जा.

आज इथेच थांबू. पुढच्या भागात भेटू. तोवर कामावर जाल तसेच धडधाकट घरी या.